मस्कडाईन द्राक्ष: फेकून दिलेल्या सालीची गोष्ट

सप्टेंबरात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात गावाबाहेर गाडी काढली की शेताच्या कडेला टेबल मांडून जे जाडजूड, गोल, काळपट नाहीतर ब्राँझ रंगाचे दाणे विकायला ठेवलेले दिसतात ते मस्कडाईन. नाशिकच्या बिनबियांच्या थॉम्सन द्राक्षांवर वाढलेला माणूस पहिला दाणा अख्खा तोंडात टाकतो आणि फसतो, कारण साल चिवट आणि तुरट, आत तीन-चार टणक बिया. तिथले लोक देठाकडची बाजू ओठांशी धरून दाणा दाबतात, गर सुळकन तोंडात येतो, बिया थुंकायच्या, साल फेकायची, झालं. वास मात्र इतका दाट की एक खोकं गाडीत ठेवलं तर घरी पोचेपर्यंत सगळी गाडी घमघमते.

आपल्या द्राक्षाची ही सख्खी नाही, लांबची चुलत बहीण. शास्त्रीय नाव व्हायटिस रोटुंडिफोलिया, गुणसूत्रं ४० (आपल्या नेहमीच्या द्राक्षात ३८), म्हणून दोघींचा संकर सहजासहजी होत नाही. मूळ घर अमेरिकेचा आग्नेय भाग, दमट आणि उकाड्याचा, जिथे युरोपातून आणलेल्या वेली पिअर्स नावाच्या जिवाणूजन्य रोगाने मरून जायच्या. हिला तो रोग बाधत नाही, आणि भुरी-डावणीसारख्या बुरशीच्या रोगांपुढेही ही चांगलीच टिकते, हे वाचून आपल्याकडच्या बागायतदाराला हेवाच वाटेल. कडाक्याची थंडी तेवढी सोसत नाही.

१५८४ मध्ये इंग्लंडच्या वॉल्टर रॅलेने पाठवलेले अमाडास आणि बार्लो हे दर्यावर्दी नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या रोअनोक बेटाच्या भागात उतरले, आणि बार्लोने लिहून ठेवलं की इथे द्राक्षं इतकी आहेत की समुद्राच्या लाटा त्यांच्यावर येऊन आपटतात. त्याच बेटावर मँटिओ गावात एक म्हातारी वेल आजही आहे, तिला मदर व्हाइन म्हणतात, वय ४०० वर्षं सांगतात (मोजणार कोण!). २०१० मध्ये विजेच्या तारांखालची झाडी मारायला फवारलेलं तणनाशक तिच्यावर पडलं, तेव्हा राज्यभर हळहळ झाली होती, पण वाचली.

ब्राँझ जातीला स्कपरनाँग म्हणतात, एका नदीवरून. पूर्वी नुसतंच मोठं पांढरं द्राक्ष म्हणायचे. माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनने १८१७ च्या पत्रात हिच्या वाईनची तारीफ केली, युरोपातल्या उत्तम टेबलांवर शोभेल म्हणून. १८४० च्या जनगणनेत नॉर्थ कॅरोलायना वाईन करण्यात देशात पहिली होती. मग पॉल गॅरेट या वाईनवाल्याने व्हर्जिनिया डेअर नावाची वाईन देशभर खपवली, इतकी की स्कपरनाँग पुरेना आणि त्यात कॅलिफोर्नियाची वाईन मिसळावी लागायची. आणि १९०९ पासून राज्यातच दारूबंदी आली, गॅरेटने बस्तान हलवलं, पुढे १९२० मध्ये देशभर बंदी, धंदाच बसला.

पण द्राक्ष संपलं नाही, कारण ते परसात होतं, कोंबड्यांच्या खुराड्यावर नाहीतर लाकडी मांडवावर चढवलेलं. रानटी वेलींमध्ये नर वेगळा, मादी वेगळी, त्यामुळे एकच वेल लावून वर्षानुवर्षं फळाची वाट बघणारेही असायचे; दोन्ही गुण एकाच फुलात असलेल्या जाती १९४० च्या दशकात सरकारी संशोधकांनी बाहेर आणल्या आणि मग बागा लावणं सोपं झालं. वाईनरी परत उभ्या राहायला मात्र १९७० चं दशक उजाडलं.

वाईनवाल्याला रस हवा, साल-बी म्हणजे चोथा, टाकून द्यायचा. घरातल्या बायकांनी मात्र साल टाकली नाही. साल म्हणजे इंग्रजीत हल, आणि हल पाय (pie, पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) हा अमेरिकेच्या दक्षिणेतला जुना प्रकार: गर आणि साल वेगळे करायचे, गर थोडा शिजवून चाळणीतून बिया काढायच्या, साल वेगळ्या भांड्यात पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायची (घाई केलीत तर पायमध्ये रबर लागतं), मग दोन्ही एकत्र करून साखर, थोडं लिंबू, थोडं पीठ, आणि वरून पारी घालून भाजायचं. जेली, जॅम, मुरंबेही याच हिशोबाने. मला विचाराल तर वाईन फार गोड, चव असली तर ती पायमध्ये. गोड का, तर दाण्यातच साखर जरा कमी असते, म्हणून वाईन करताना वरून घालतात. आणि काळ्या जातीचा रंग लवकर विटून तपकिरी होतो, कारण त्यातली रंगद्रव्यं नेहमीच्या द्राक्षापेक्षा वेगळ्या घडणीची असतात.

पोषणाचं गणितही सालीपाशीच येऊन थांबतं. १०० ग्रॅम मस्कडाईनमध्ये ५७ च्या आसपास कॅलरी आणि जवळजवळ ४ ग्रॅम फायबर, नेहमीच्या खायच्या द्राक्षात ते १ ग्रॅमसुद्धा नसतं. अर्थात साल फेकली तर त्यातलं बरंचसं कचऱ्यात गेलं. डाळिंबात असतं ते एलॅजिक ॲसिड हिच्यात असतं, जे युरोपीय द्राक्षात सहसा सापडत नाही, आणि बाकीची पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली, आरोग्याला चांगली मानली जाणारी द्रव्यं) मुख्यतः बियांत आणि सालीत, गरात अगदी थोडी. यावरून कॅन्सर-बिन्सर बरा होतो असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, बरेचसे प्रयोग पेशी आणि उंदरांवरचे आहेत.

आता तोच चोथा वाळवून, दळून, पावडर आणि कॅप्सूल करून बाटलीत विकतात.