घरी डॅक बनवाचा आहे? आधी हे वाचा, मंग पार्ट बोलवा

भाऊ, काउंटरवर पहिला प्रश्न एकच येते, "चिप कोणती घेऊ?" दर गिऱ्हाइकाला तेच तेच सांगून आमचा गळा बसते, म्हणून हा कागद छापून ठेवला. घरी नेऊन निवांत वाचा.

मोबाइलमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे, सीडीच्या हिशोबानं एका सेकंदात 44,100 वेळा मोजलेले, अन् त्या आकड्यांचं परत व्होल्टेज करून अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये देते तो डॅक. नव्या मोबाइलला हेडफोनचं होल नाही, टीव्हीला मागं फक्त ऑप्टिकल, अन् घरी बाबांच्या काळचा दणकट अँप्लिफायर धूळ खाऊन राहिला, असेच लोक जास्त येतात आमच्याकडे.

तर चिप. पहिल्यांदा बनवत असाल तर पीसीएम 5102ए घ्या अन् विषय संपवा. 3.3 व्होल्टवर चालते, आउटपुट सरळ 2.1 व्होल्ट देते, पुढं ऑपअँप (सिग्नल वाढवणारी वेगळी चिप) नाही, कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवणारा) नाही. तयार जांभळी पट्टी भेटते, तिच्यावर एससीके लिहिलेला जोड सोल्डरनं ग्राउंडला जोडा अन् मागचे चार जोडही सोल्डर झालेले आहेत का ते एकदा पाहून घ्या, काऊन का "चिप खराब निघाली" म्हणून परत आलेल्या बऱ्याच पट्ट्यांत तेवढंच राहिलेलं असते. ईएस 9038 क्यू2एम चे आकडे भारी आहेत, मान्य, पण तिच्यामागं ऑपअँपची स्टेज लागते, तिची सप्लाय अजून साफ लागते, अन् एवढं करून तुम्ही ऐकणार कूलर सुरू असलेल्या खोलीत! एकेएम कंपनीच्या चिपाही चांगल्या, पण 2020च्या ऑक्टोबरात जपानात नोबेओकाच्या त्यांच्या कारखान्याला आग लागली अन् माल एकदम आटला, तेव्हापासून नंबर पुसून नवा छापलेल्या चिपा फिरतात असं समजूनच घ्या. लय स्वस्त दिसली तर हात लावू नका.

चिपला आकडे पोचवणारा बोर्ड वेगळा लागते, मोबाइलची वायर सरळ चिपला जोडता येत नाही. मोबाइल-लॅपटॉपसाठी यूएसबीचा आयटूएस बोर्ड (आयटूएस म्हणजे चिपला आवाजाचे आकडे देणाऱ्या तारा) घ्या, त्यावर दोन क्रिस्टल आहेत का ते पाहा, 22.5792 अन् 24.576 मेगाहर्ट्झ, पहिला गाण्याच्या 44.1 किलोहर्ट्झसाठी, दुसरा व्हिडिओच्या 48 साठी. टीव्हीसाठी ऑप्टिकल रिसीव्हर, अन् टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर (म्हणजे साध्या आकड्यांवर, चिपच्या नावाशी संबंध नाही) ठेवा, डॉल्बीवर राहिला तर एकतर चुप नाहीतर नुसता खरखराट.

आता खरं काम, सप्लाय. पैसा इथं घाला, चिपमध्ये नाही. आमचा धंदा महागडी चिप विकण्यात आहे हे आम्हालाही समजते, पण आपल्याकडची लाइन तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी वावरातल्या मोटरी सुरू झाल्या की 170 व्होल्ट, अन् रात्री मोटरी बंद झाल्या की तीच लाइन 260 वर. आता हिशोब करा. 6 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर 170 ला जेमतेम 4.4 देते, ब्रिजमधून (एसीचं डीसी करणारे चार डायोड) निघून कपॅसिटरवर 5 च्याही खाली, मंग त्यातून रेग्युलेटरनं (व्होल्टेज एकसारखं ठेवणाऱ्यानं) पट्टीला लागणारे 5 कुठून आणाचे? डॅक मधामधात बंद पडते अन् शिव्या चिपला. 9 व्होल्टचा घेतला तर त्याच 170 ला 8 च्या आसपास उरतात, एलएम 317 रेग्युलेटरला 5 च्या वर दोनेक व्होल्ट लागतात, म्हणजे निभते. अन् 260 ला तेच 13 वर जाते, लोड कमी असला तर अजून जास्त, म्हणून कपॅसिटर 16 व्होल्टवाला नाही, 25 व्होल्टवालाच घ्या, 2200 मायक्रोफॅरड. जास्तीचं व्होल्टेज रेग्युलेटर गरम करते, त्याला हीटसिंक लावा.

कपॅसिटरवर 105 डिग्री लिहिलेलं पाहून घ्या, 85 वाला नको. दर 10 डिग्रीला आयुष्य अर्धं होते, अन् मे महिन्यात 47 डिग्रीत टिनाच्या खोलीत बंद डब्यात काय होत असेल ते वेगळं सांगत नाही. चिपच्या अगदी जवळ एलटी 3045 रेग्युलेटर लावला तर उत्तम, त्याचा स्वतःचा नॉइज एक मायक्रोव्होल्टच्याही खाली आहे, पण तयार बोर्डच घ्या, त्याच्या पोटाखालचा पॅड साध्या सोल्डर गननं नीट बसत नाही, आम्ही स्वतः दोन वाया घालवले.

पॉवर बँकेवर चालवतो म्हणणारे पुष्कळ आहेत. चालते, पण डॅक करंट एवढा कमी घेते की बऱ्याच पॉवर बँका गाणं अर्ध्यावर असतानाच झोपून जातात. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणते, त्यात डॅकचा दोष नाही.

230 च्या बाजूला आधी 250 मिलिअँपचा स्लो ब्लो फ्यूज, त्याच्यामागं 275 व्होल्टवाला एमओव्ही (व्होल्टेजचा अचानक झटका गिळणारा पार्ट), अन् डबा लोखंडी असेल तर अर्थिंग लागलंच पाहिजे, तिथं गंमत नाही. एमओव्ही आहे म्हणून विजा चमकत असताना प्लग लावून ठेवू नका. डब्याच्या होलांना आतून बारीक जाळी लावा, एकाच्या डब्यात पाल ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर चिकटलेली निघाली होती.

भाव रोज बदलतात म्हणून इथं छापले नाहीत. येताना संध्याकाळी अन् रात्री मीटरनं मोजलेलं घरचं व्होल्टेज लिहून आणा, अँप्लिफायरच्या मागचा फोटो काढून आणा, त्यावरून ट्रान्सफॉर्मर आम्ही सांगतो. बाजाराच्या दिवशी गर्दी राहते, त्या दिवशी फक्त पार्ट भेटतील, चर्चा नाही.