किच्वा

एक्वादोरमधील केचुआ (दक्षिण अमेरिकेच्या अँडीज प्रदेशातील मूलनिवासींची भाषा) बोलींचा समूह व त्या बोलणारे लोक. इंबाबुरा, कोतोपाक्सी, चिंबोरासो, कान्यार, लोहा या अँडीजमधील प्रांतांत आणि पूर्वेकडे नापो व पास्तासा नद्यांच्या खोऱ्यांत तो पसरला आहे. कोलंबियातील इंगा बोली त्याला जवळची आहे. पेरूचा भाषावैज्ञानिक आल्फ्रेदो तोरेरो याच्या वर्गीकरणात (१९६४) हा समूह ‘केचुआ २–ब’ शाखेत पडतो.

केचुआ या प्रदेशात केव्हा आली, हा वादाचा विषय आहे. पेरूतील साम्राज्यकर्त्या इंकांच्या आगमनापूर्वीच कितोमध्ये (आजची एक्वादोरची राजधानी) या भाषेची एक बोली होती, असे जेझुइट इतिहासकार हुआन दे वेलास्कोने १७८९ मध्ये लिहिले. ते आता सहसा ग्राह्य धरत नाहीत. तोरेरोच्या मते ती दक्षिण पेरूतील चिंचाच्या व्यापाऱ्यांबरोबर किनाऱ्याने आली असावी. याउलट, इंकांनी हा भाग साधारणतः पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात जिंकल्यानंतर भाषेचा शिरकाव झाला आणि खरा फैलाव स्पॅनिश अमदानीत, मिशनऱ्यांमार्फत झाला, असे रोस्विथ हार्टमानप्रभृती अभ्यासकांचे मत आहे. १५९३ च्या कितो धर्मसभेला कान्यारी, पुरुहा, पास्तो इ. स्थानिक भाषांत धर्मशिक्षणाच्या स्वतंत्र प्रश्नोत्तरी करवून घ्याव्या लागल्या. तेव्हा केचुआ सर्वत्र समजत नव्हती हे उघड आहे, आणि त्यामुळे हे मत अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात इंकापूर्व व्यापारी संपर्काची शक्यता त्याने सर्वस्वी बाद होत नाही.

किच्वाचे व्याकरण कूस्कोच्या (पेरूतील इंकांची जुनी राजधानी) केचुआ बोलीहून सुटसुटीत आहे. ‘माझे घर’ कूस्कोत एका शब्दात ‘वासिय’; येथे प्रत्यय जाऊन ‘न्युका वासी’. कूस्कोची बोली मराठीप्रमाणे ‘आपण’ (न्योकान्चिस) व ‘आम्ही’ (न्योकायकू) असा भेद करते. किच्वात दोहोंना ‘न्युकान्चिक’. अनुनासिकानंतरचा कठोर वर्ण मृदू होतो : ‘-हून’ या अर्थाचा ‘-मांता’ हा प्रत्यय बोलताना ‘-मांदा’ होतो, प्रमाणलेखनात मात्र त कायम राहतो. १९९८ मध्ये या लेखनातील स्पॅनिश वळणाच्या c, qu ऐवजी k आला.

कोतोपाक्सीतील साल्सेदोजवळ स्पॅनिश शब्दमुळे व किच्वा प्रत्यय यांची ‘मेदिया लेंग्वा’ ही मिश्रभाषा डच भाषावैज्ञानिक म्यूस्केनने नोंदविली.

एक्वादोरमधील कायांबेच्या मूलनिवासी नेत्या दोलोरेस काक्वांगो (१८८१–१९७१) यांनी १९४० च्या दशकात द्विभाषिक शाळा काढल्या. २००८ च्या संविधानाने किच्वाला, शुआर या दुसऱ्या मूलनिवासी भाषेसह, आंतरसांस्कृतिक व्यवहाराची अधिकृत भाषा मानले.