दृष्टिपटलावर मायलिन उतरतं तेव्हा

मधुमेह असलेल्यांना डॉक्टर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायला सांगतात. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि आतल्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा, फोटो काढतात. निरोगी पडदा केशरी-लालसर दिसतो. त्यावर ऑप्टिक नर्व्हचं, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडीचं, फिकट पिवळसर गोल तोंड असतं आणि तिथून चहूकडे गेलेल्या रक्तवाहिन्या. शंभरातल्या एखाद्या माणसाच्या फोटोत मात्र या तोंडाला लागून एक पांढराशुभ्र पट्टा दिसतो. त्याच्या कडा पिसासारख्या विरत गेलेल्या असतात आणि रक्तवाहिन्या मधेमधे त्याच्याखाली झाकलेल्या असतात. अहवालात ‘मायलिनेटेड नर्व्ह फायबर्स’ (मायलिन नावाचं वेष्टण असलेले मज्जातंतू) असं लिहून येतं आणि घरची माणसं धास्तावतात.

बहुतेकांना धास्तावायचं कारण नसतं. हा पट्टा मधुमेहामुळे आलेला नसतो, तो सहसा बालपणापासून तिथेच असतो. पण तो तिथे का असतो, यापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो उलटा प्रश्न: उरलेल्या ९९ जणांच्या पडद्यावर तो का नसतो?

आपल्या डोळ्याची रचना जरा उफराटी आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी पडद्याच्या सर्वांत मागच्या थरांत आहेत आणि त्यांचे संदेश मेंदूकडे नेणारे मज्जातंतू सर्वांत पुढे. प्रकाशाला आधी या तंतूंच्या थरातून आरपार जावं लागतं. एका डोळ्यातून असे १० लाखांहून जास्त तंतू निघतात, पडद्यावरून सरकत ऑप्टिक नर्व्हच्या तोंडाशी गोळा होतात आणि तिथून मागे वळून मेंदूकडे जातात.

मेंदूतल्या बहुतेक लांब तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं वेष्टण असतं. ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी आपल्या पातळ पापुद्र्यांचे वेढे तंतूभोवती देतात. त्या वेष्टणामुळे संदेश कितीतरी वेगाने धावतो. उघड्या तंतूत तो सेकंदाला साधारण एखादा मीटर जातो, तर शरीरातल्या जाड, वेष्टित तंतूंमध्ये हाच वेग १०० मीटरपर्यंत पोचतो. मायलिनचा एकच गुण इथे आड येतो, तो म्हणजे त्याचा पांढरा रंग. ते प्रकाश विखुरतं. मेंदूच्या काळोखात त्याने काही बिघडत नाही, पण प्रकाशाच्या वाटेवर ते असलं तर पाहणंच अडतं. म्हणून पडद्यावरचे तंतू उघडे राहतात आणि डोळ्याची मागची भिंत ओलांडल्यावरच त्यांना मायलिन मिळतं. या भिंतीत ऑप्टिक नर्व्हच्या जागी बारीक भोकांची एक जाळी असते, तिला लॅमिना क्रिब्रोसा म्हणतात. जाळीच्या अलीकडे ही नर्व्ह सुमारे दीड मिलिमीटर जाड असते, पलीकडे ती जवळपास दुप्पट होते. या जाडीतला मोठा वाटा मायलिनचा आहे.

मायलिन चढण्याची दिशाही लक्षात घेण्यासारखी आहे. संदेश डोळ्याकडून मेंदूकडे जातात, पण मायलिन मेंदूकडून डोळ्याकडे येतं. गर्भ साधारण पाच महिन्यांचा असताना ते मेंदूच्या बाजूने सुरू होतं आणि जन्माच्या आसपास जाळीपर्यंत येऊन थांबतं. थांबतं याचं कारण असं की मायलिन तयार करणाऱ्या पेशींचे पूर्वज जाळी ओलांडून आत शिरत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांतून १९८०च्या दशकात तिथे असा अडसर असल्याचे पुरावे मिळाले. सशाच्या डोळ्यात ही जाळी नीट घडलेलीच नसते आणि प्रत्येक निरोगी सशाच्या पडद्यावर मायलिनचे दोन पांढरे पट्टे आडवे पसरलेले असतात. माणसात हा अडसर कुठेतरी अपुरा राहिला की काही पेशी आत येतात आणि तंतूंवर मायलिन चढवतात, अशी आज सर्वाधिक मान्य असलेली समजूत आहे. काही वेळा पट्टा नर्व्हच्या तोंडापासून दूर, सुटा असतो. त्या पेशी इतक्या आत कशा पोचल्या, याचं उत्तर तितकं सरळ नाही.

‘मायलिन’ हा शब्द जर्मन वैद्यक रुडॉल्फ व्हिर्खो यांनी १८५४ साली वापरात आणला आणि दोनच वर्षांनी पडद्यावरच्या या तंतूंचं पहिलं वर्णनही त्यांनीच केलं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी जिवंत डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण, ऑफ्थॅल्मोस्कोप, नुकतंच म्हणजे १८५१ साली जगापुढे ठेवलं होतं. हे तंतू किती जणांत असतात, याचा मोठा हिशेब अमेरिकेत ब्रॅडली स्ट्रात्स्मा आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडला. ३,९६८ शवविच्छेदनांपैकी ३९ जणांत ते सापडले, आणि त्यातल्या बहुतेकांच्या एकाच डोळ्यात. आपल्याकडे नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या गावांमध्ये तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासणारी एक मोठी पाहणी झाली. त्यातही हे तंतू पाहिले गेले आणि तिथेही ते विरळच निघाले.

पट्टा लहान असेल तर त्या माणसाला काहीही जाणवत नाही. पट्ट्याखालच्या पेशींपर्यंत प्रकाश कमी पोचतो, त्यामुळे दृष्टिक्षेत्र मोजलं तर तेवढ्या जागी उणीव दिसते, किंवा नर्व्हच्या तोंडाशी प्रत्येकाच्या डोळ्यात असतोच तो अंधबिंदू थोडा मोठा भरतो. दुसरा डोळा ती जागा भरून काढतो.

गोंधळ होतो तो निदानात. मधुमेहात आणि रक्तदाबात पडद्यावर कापसासारखे पांढुरके डाग येतात, मेंदूतला दाब वाढला तर नर्व्हचं तोंड सुजतं. घाईत पाहिलं तर या पट्ट्याची आणि त्यांची गल्लत होऊ शकते. काचबिंदूच्या तपासणीत आणखी एक अडचण येते. ओसीटी यंत्र तंतूंच्या थराची जाडी मोजतं, आणि मायलिनमुळे ती मुळातच जास्त भरते. काचबिंदूने थर झिजत असला तरी आकडा चांगला येऊ शकतो. म्हणून ज्याच्या डोळ्यात असा पट्टा आहे त्याने आपला फोटो जपून ठेवावा आणि दर वेळी नव्या डॉक्टरांना दाखवावा, असं मी आवर्जून सांगेन. आणखी एक उपयोग आहे: ऑप्टिक नर्व्हला सूज येऊन किंवा काचबिंदूने तंतू मेले तर त्यांच्यावरचं मायलिनही जातं. पट्टा लहान झाला किंवा नाहीसा झाला, तर ते आजाराचं लक्षण असतं.

खरी काळजी मात्र लहान मुलांची. काही मुलांच्या एका डोळ्यात पट्टा मोठा असतो, पडद्याच्या बऱ्याच भागावर पसरलेला. अशा डोळ्याला अनेकदा मोठा मायनस नंबर असतो आणि दुसरा डोळा उत्तम असतो. पांढऱ्या पट्ट्यामुळे चित्र अंधूक झालं म्हणून डोळा लांबट वाढून मायनस नंबर आला, की पट्टा आणि नंबर या दोन्ही गोष्टी एकाच मूळ बिघाडातून आल्या, याबद्दल मतं वेगळी आहेत. मेंदू चांगल्या डोळ्यावर भिस्त ठेवतो आणि दुसरा डोळा आळशी पडतो. पट्टा, मायनस नंबर आणि आळशी डोळा या तिघांचा एकत्र मेळ १९७९ साली स्ट्रात्स्मा यांनी मांडला.

असं मूल तक्रार करत नाही. ते पळतं, खेळतं, फळ्यावरचं वाचतं, कारण एका डोळ्याने त्याला सगळं स्वच्छ दिसतं. एकेक डोळा झाकून पाहिल्याशिवाय घरात कुणाला पत्ता लागत नाही. कधी कधी फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली पांढरी चमकते आणि त्यावरून शंका येते. बाहुली पांढरी दिसली तर ‘फोटो बिघडला’ म्हणून सोडून देऊ नये, कारण रेटिनोब्लास्टोमा या पडद्याच्या कर्करोगातही ती तशीच दिसते. नेत्रतज्ज्ञाने बाहुली मोठी करून पडदा पाहिला की दोन्हींतला फरक कळतो.

मायलिन काढून टाकणारा उपचार नाही. नंबराचा चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स द्यायची आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकून आळशी डोळ्याला कामाला लावायचं, एवढंच हातात असतं. लहान वयात सुरुवात झाली तर बऱ्याच मुलांची नजर तपासणीच्या तक्त्यावर काही ओळी सुधारते. पट्टा पडद्याच्या मध्यभागापर्यंत पोचला असेल किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत फार मोठं अंतर असेल, तर पट्टी बांधूनही फारसं हाती लागत नाही. तरीही काही महिने नेटाने प्रयत्न करून पाहायला हवा, आणि चांगल्या डोळ्याला खेळताना मार लागू नये म्हणून पॉलिकार्बोनेटच्या सहजासहजी न फुटणाऱ्या काचांचा चष्मा त्या मुलाला पहिल्या दिवसापासून द्यायला हवा.