सरकारी वकिलाचा पगार आणि खासगी वकिलाची फी

दरमहा ५६,१०० रुपये मूळ वेतन आणि एका खटल्याची ५०,००० रुपये फी हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘खासगीत एका खटल्यात महिन्याचा पगार निघतो’ असा निष्कर्ष काढणारे तरुण वकील प्रत्येक बार रूममध्ये भेटतात. या तुलनेतच चूक आहे. पहिला आकडा वेतनाचा आहे आणि दुसरा जमेचा; वेतन दर महिन्याला येते, तर फी येईल तेव्हा येते आणि तिच्यातून खर्च वजा व्हायचा असतो.

त्याआधी ‘सरकारी वकील’ या शब्दाचा उलगडा करायला हवा, कारण महाराष्ट्रात या एकाच नावाखाली दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. दंडाधिकारी न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगामार्फत निवडले जातात. ते नियमित वेतन घेणारे शासकीय कर्मचारी असतात. सत्र न्यायालयातील सरकारी अभियोक्ता मात्र बहुधा किमान सात वर्षे वकिली केलेल्यांतून नेमले जातात. जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी तयार करतात आणि तीतून शासन नेमणूक करते. याच दुसऱ्या व्यवस्थेतील जिल्हा सरकारी वकिलांना व त्यांच्या सहायकांना महाराष्ट्रात १९८४ च्या विधी अधिकारी नियमांनुसार मानधन व फी मिळते. निवृत्तिवेतन मिळत नाही आणि शासनाने नेमणूक संपवली की ते पुन्हा खासगी वकील होतात. म्हणून ‘सरकारी वकिलाला किती मिळते’ असे विचारणाऱ्याने आधी कोणता सरकारी वकील ते सांगावे.

पगाराचीच तुलना करायची तर सहायक सरकारी अभियोक्ता हेच योग्य उदाहरण ठरते. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाची वेतनश्रेणी ५६,१०० ते १,७७,५०० रुपये आहे. मूळ वेतनावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता व प्रवास भत्ता मिळतो, आणि वार्षिक वेतनवाढ साधारण ३ टक्के असल्याने दुसऱ्या वर्षी मूळ वेतन ५७,८०० रुपये होते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत कर्मचाऱ्याच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याचे १० टक्के कापले जातात, तर शासन आपल्याकडून १४ टक्के भरते. ही १४ टक्क्यांची भर हातात पडत नाही, त्यामुळे बहुतेक जण ती हिशेबात धरतच नाहीत. माझ्या मते हीच या तुलनेतील सर्वांत मोठी गळती आहे.

आता ती ५०,००० रुपयांची फी जवळून पाहू. समजा, पक्षकाराने वकीलपत्रावर सही करताना २५,००० दिले, साक्षीपुरावा सुरू झाल्यावर १५,००० आणि युक्तिवादाच्या वेळी १०,००० द्यायचे ठरले, आणि खटला तीन वर्षे चालला. महिन्याला चौदाशे रुपयेही पडले नाहीत. अर्थात वकिलाकडे एकच खटला नसतो. पण प्रत्येक तारखेला उभे राहावे लागते, कारकुनाचा पगार, चेंबरचे भाडे, टायपिंग आणि झेरॉक्स यांचा खर्च तारीख पडली तरी होतोच. शेवटचा हप्ता थकला तर पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. वकिलाला कागदपत्रांवर असा धारणाधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. ‘केस जिंकलो तर इतके टक्के’ असा करारही बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांना मान्य नाही.

खर्चाचा अंदाज बांधायला आयकरातील एक तरतूद उपयोगी पडते. ठरावीक मर्यादेपर्यंत जमा असलेल्या वकिलाला एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. प्रत्येकाचा खर्च निम्माच असतो असा याचा अर्थ नाही, पण मोजपट्टी म्हणून ती धरली तर ५६,१०० रुपये मूळ वेतनाची वर्षाची बेरीज जी ६,७३,२०० रुपये होते, तिच्या बरोबरीला येण्यासाठी खासगी वकिलाची वर्षाची जमा सुमारे १३,४६,००० रुपये असावी लागते. यात सरकारी बाजूचे भत्ते अजून धरलेले नाहीत.

खासगी बाजूला वरची मर्यादा नाही, हे खरे. वरिष्ठ वकिलाची एका दिवसाची फी अभियोक्त्याच्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त असू शकते. पण खालची मर्यादाही नाही. वरिष्ठांच्या हाताखाली काम करणाऱ्या ज्युनियर वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असे भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले. ती शिफारसच आहे, सक्ती नाही.

खासगी म्हणजे नेहमी फीच, असेही नाही. कंपनीत पूर्णवेळ विधी अधिकारी झालेल्याला पगार मिळतो, पण त्या काळात त्याला न्यायालयात वकिली करता येत नाही आणि सनद स्थगित ठेवावी लागते. त्याच्या पगाराची तुलना सहायक अभियोक्त्याच्या पगाराशी थेट करता येते, कारण दोन्ही आकडे वेतनाचे आहेत. फीवर चालणाऱ्या वकिलाने मात्र आपली तीन वर्षांची डायरी काढावी, आलेली फी आणि गेलेला खर्च महिन्यांत वाटावा, त्यातून विम्याचे व म्हातारपणासाठी बाजूला ठेवायचे पैसे वजा करावेत, आणि मगच तो आकडा ५६,१०० च्या शेजारी मांडावा.