वणव्यानंतर बी रुजतं ते कशामुळे?

मार्च-एप्रिलात पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरांवर वणवा दिसला की कुणीतरी म्हणतंच, "जळू दे की, पावसाळ्यात गवत जोमानं येतंय." काही रानझुडपांचं बी आगीनंतरच भरभरून रुजतं, हे खरंही आहे. पण आग बियाला नेमकं काय करते?

तरवडाची वाळकी शेंग फोडून बी पाण्यात टाका. दुसऱ्या दिवशीही त्यातलं पुष्कळसं कडकच राहतं, फुगत नाही. शेंगवर्गातल्या अनेक बियांचं कवच पाणी आत घेतच नाही. ८० ते १०० अंश सेल्सिअसची धग काही मिनिटं लागली, की कवचावरची एक नाजूक जागा उचकटते आणि तिथून पाणी शिरतं. धग फार वाढली तर आतला अंकुरच मरतो. त्यामुळे बी किती खोल पडलंय यावर सगळं ठरतं. वरचं बी करपतं, सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर खालचं जागं होतं, पाच सेंटीमीटरखाली बहुतेकदा आगीचा पत्ताही लागत नाही.

धुराची कथा मला याहून विलक्षण वाटते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाचं बी नुसत्या धुरानं, आच न लागताही रुजतं, हे १९९० साली दिसून आलं. धुरातलं ते द्रव्य ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये शोधलं. अशा द्रव्यांच्या गटाला आता कॅरिकिन म्हणतात. झाडपाल्यातला सेल्युलोज जळताना ते तयार होतं, पावसाच्या पाण्यात विरघळून मातीत उतरतं आणि अब्जांश प्रमाणातही काम करतं. शिवाय वरची सावली गेलेली असते, राखेतली खनिजं मिळतात.

मात्र दक्षिण आफ्रिकेतल्या फिनबॉस नावाच्या झुडपी रानाला आग लागते ती साधारण १० ते ३० वर्षांनी. मधल्या काळात रोप वाढतं, फुलतं, मातीत नवं बी साठतं. आपल्याकडे तोच डोंगर दरसाल पेटवला, तर रोपाला बी धरायला सवडच मिळत नाही. करवंद-जांभळाचं तर बी वर्षानुवर्षं मातीत टिकतच नाही. फळं मे-जूनमध्ये पिकतात, लगेचच्या पावसात रुजतात, आणि पुढच्या मार्चात वितभर रोपंच वणव्यात सापडतात. घाणेरी मात्र बुडख्यातून पुन्हा फुटते.

तरवड वाढवायचा तर वणवा कशाला? उकळून खाली उतरवलेलं पाणी बियांवर ओतावं, रात्रभर भिजू द्यावं, फुगलेलं बी निवडून जूनच्या पावसात टोकावं.