हत्तींची पाठवणी: टोरंटोच्या ठरावाआधी आणि नंतर

प्राणिसंग्रहालयात हत्ती ठेवावा का, हा वाद जुना आहे. ठेवायचा नसेल तर पाठवायचा कुठे, हा प्रश्न मात्र त्यामानाने नवा. १९८० आणि ९०च्या दशकांत कॅलिफोर्निया आणि टेनेसीमध्ये खासगी आश्रयस्थानं उभी राहिली आणि या प्रश्नाला पहिल्यांदा पत्ता मिळाला. काँक्रीटवर उभं राहून सडणारे तळपाय, संधिवात, तासन्‌तास डोलणं हे सगळं माहुतांना आधीपासून ठाऊक होतंच.

२००४मध्ये डेट्रॉईटच्या प्राणिसंग्रहालयाने आपल्या दोन वयस्क हत्तिणी स्वतःहून कॅलिफोर्नियाला पाठवायचं ठरवलं. प्राणिसंग्रहालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संघटनेला त्या दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात हव्या होत्या. थोड्या रस्सीखेचीनंतर संघटना नमली आणि २००५मध्ये हत्तिणी रवाना झाल्या. तिथे निदान निर्णय व्यवस्थापनाचा होता. टोरंटोत तसं झालं नाही.

टोरंटोत २००६ ते २००९ या काळात चार हत्तिणी दगावल्या, तीन उरल्या. थंडी आणि नव्या आवाराचा खर्च पाहून मे २०११मध्ये प्राणिसंग्रहालयाच्या मंडळाने हत्ती ठेवणं बंद करायचं ठरवलं. इथवर फारसा वाद नव्हता. ऑक्टोबरमध्ये नगर परिषदेने या तिघींना कॅलिफोर्नियाच्या आश्रयस्थानात पाठवायचा ठराव मोठ्या बहुमताने केला आणि ठिणगी पडली. जागा निवडणं हे तज्ज्ञांचं काम, नगरसेवकांचं नव्हे, असं कर्मचारी आणि संघटना म्हणत होते. २०१२मध्ये संघटनेने टोरंटोची मान्यताच काढून घेतली. शिक्षा हत्तींना हलवण्याबद्दल नव्हती. ते कोणी ठरवलं याबद्दल होती.

क्षयरोगाचा मुद्दाही गाजला, आणि तो निराधार नव्हता. त्या आश्रयस्थानातल्या आशियाई हत्तींमध्ये क्षय आढळला होता. पण टोरंटोच्या तिघी आफ्रिकी होत्या आणि आफ्रिकी हत्तींचं आवार तिथे वेगळं होतं. एवढा तपशील विरोधकांच्या पत्रकांत क्वचितच दिसे. नोव्हेंबर २०१२मध्ये परिषदेने पुन्हा मतदान करून ठराव कायम ठेवला. विमानाचा बेत फसला आणि ऑक्टोबर २०१३मध्ये ट्रकमधून चार हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास झाला. तिघींपैकी सर्वांत थोरली २०१५मध्ये दगावली. दोन्ही बाजूंनी तो मृत्यू आपलाच पुरावा मानला.

भारतात हा प्रश्न मतदानाने नव्हे, आदेशाने आला. २००९च्या अखेरीस प्राणिसंग्रहालयं आणि सर्कशींतले हत्ती वनखात्याच्या छावण्यांत हलवण्याची सूचना निघाली, अंमलबजावणी रेंगाळली. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला, १९९८मध्ये झिम्बाब्वेकडून भेट आलेला आफ्रिकी हत्ती अनेक वर्षं एकटाच राहिला आणि सप्टेंबर २०२५मध्ये तिथेच मेला.

पुढे वाद कोर्टांत गेला. इस्लामाबादच्या उच्च न्यायालयाच्या २०२०च्या आदेशानंतर तिथला एकटा हत्ती कंबोडियाला गेला. अमेरिकेत उलटं घडलं. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने २०२२मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी, आणि कोलोरॅडोच्या न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये, हत्तींसाठीची बंदी-प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे बेकायदा डांबून ठेवलेल्याची सुटका करा अशी, मागणी फेटाळली. त्याच वर्षी मे महिन्यात लॉस एंजेलिसचे उरलेले दोन हत्ती हलवले गेले. त्यांना थांबवा, आश्रयस्थानाचा विचार करा, असा प्रस्ताव नगर परिषदेत आलेला असतानाच ते ओक्लाहोमा राज्यातल्या टल्साच्या प्राणिसंग्रहालयात पोचले.