ब्रॉडबँड वेगमापन, नियामक संस्थांचे
ग्राहकाच्या घरी इंटरनेट प्रत्यक्षात किती वेगाने पोचते, हे तपासण्यासाठी दूरसंचार नियामकांनी अवलंबलेल्या पद्धती. वेग मेगाबिट प्रतिसेकंद (एमबीपीएस) या एककात देतात.

पद्धतशीर मापनाची सुरुवात ब्रिटनच्या ऑफकॉम या दूरसंचार नियामकाने २००८ च्या सुमारास सॅमनोज या कंपनीच्या मदतीने केली. अमेरिकेच्या एफसीसी या नियामकाने त्याच कंपनीकडून मार्च २०११ मध्ये १३ मोठ्या पुरवठादारांच्या जोडण्या मोजून घेतल्या. स्वयंसेवकांच्या राउटरला लावलेली छोटी पेटी घरातील वापर थांबलेला असेल तेव्हाच चाचणी घेते. त्यामुळे वाय-फाय आणि जुन्या संगणकाचे दोष आकड्यात मिसळत नाहीत. कामाच्या दिवशी सायंकाळी ७ ते ११ ही गर्दीची वेळ धरली जाते.

वाद आहे तो मुख्यतः चाचणीत वापरलेल्या टीसीपी जोडण्यांच्या (दोन संगणकांमधील माहिती वहनाच्या दुव्यांच्या) संख्येबद्दल. एकाच जोडणीतून मोजल्यास वेग ग्राही विंडोच्या, म्हणजे पोच मिळण्यापूर्वी एका वेळी पाठवता येणाऱ्या माहितीच्या, आकाराने बांधला जातो. विंडो ६४ किलोबाइट आणि सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास १०० मिलिसेकंद लागत असतील, तर लाइन कितीही रुंद असली तरी आकडा सुमारे ५.२ एमबीपीएसच्या वर जात नाही. एम-लॅब या मापन प्रकल्पाची एनडीटी ही वेगचाचणी एक जोडणी वापरते, तर ऊक्ला (वेगचाचणी घेणारी कंपनी) व सॅमनोज अनेक जोडण्या समांतर चालवतात. म्हणून एकाच घरात दोन निराळे आकडे येतात. एमआयटीच्या बाउअर, क्लार्क आणि लेहर यांनी २०१० मध्ये दाखवले, की कमी आकड्यांचा दोष पुष्कळदा लाइनचा नसून पद्धतीचा असतो. एक जोडणी सामान्य वापराच्या अधिक जवळ जाते, असा प्रतिवाद आहे. परंतु लाइनची क्षमता मोजायची असल्यास बाउअर आदींचे मत अधिक ग्राह्य वाटते.

दुसरा आक्षेप नमुन्यावर आहे. स्वयंसेवकाने कोणता प्लॅन घेतला आहे याची पडताळणी पुरवठादाराकडूनच करून घ्यावी लागते, म्हणजे कोणाकडे पेटी आहे हे त्याला कळते. सहभागींसाठी आचारसंहिता आहे. तिचा प्रत्यक्ष परिणाम मोजणे कठीण. वेगाचा प्रश्न न्यायालयातही गेला. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी २०१७ मध्ये चार्टर या इंटरनेट पुरवठादार कंपनीवर भरलेल्या दाव्यात जाहिरातीपेक्षा कमी वेग आणि जुने मोडेम हे मुद्दे होते. डिसेंबर २०१८ मध्ये तो १७.४२ कोटी डॉलरांवर मिटला.

भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाचे मायस्पीड ॲप २०१६ पासून आहे. येथे मापन वापरकर्त्याच्या फोनवर होते, त्यामुळे हँडसेट, सिग्नल आणि जागा यांचा प्रभाव आकड्यातच राहतो. २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून (किलोबिट प्रतिसेकंद) २ एमबीपीएस झाली.